आधी मूकपट, मग रंगीत

जपानी सिनेमा बघायला दिग्दर्शक ओझूपासून सुरुवात करतोयस, बरं केलंस. फक्त १९५९चा रंगीत 'फ्लोटिंग वीड्स' एकदम लावू नकोस. फिरत्या नाटक कंपनीची हीच गोष्ट त्यानेच १९३४ साली मूकपटात सांगितली होती. तो आधी बघ, जेमतेम दीड तासाचा आहे. पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल, मलाही आला होता.

मग रंगीत लाव. पहिल्याच चौकटीत पांढरं दीपगृह आणि अलीकडे काळी बाटली, दोन्ही जवळपास एकाच उंचीची! इथे थांबवून नीट बघ. कॅमेरा मियागावाचा, कुरोसावाचा 'राशोमोन' टिपणारा तोच छायालेखक. मूकपटात गाव डोंगरातलं होतं, ते आता समुद्रकाठी आलंय.

पावसातलं भांडण मात्र दोन-तीनदा बघ. रस्त्याच्या या कडेला तो, कंपनीचा म्होरक्या, त्या कडेला ती, त्याची नटी-प्रेयसी, मधे धो धो पाऊस, आणि दोघंही वळचण सोडत नाहीत. मूकपटात संवादांच्या पाट्या वाचाव्या लागतात. इथे पावसाचा आवाजच अर्धं भांडण करतो.

'कुठला सरस?' या वादात एवढ्यात पडू नकोस. मला विचारशील तर मूकपटच. पण रंगीतमधली ती नटी, माचिको क्यो, समोर आली की माझंही मत डळमळतं.