नवी विकू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

गणपतीच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये तू घाईघाईत विचारलंस, "काका, माझी मस्टँग गाडी विकून १९६६ ची जुनी पाँटियाक जीटीओ घेऊ का?" तेवढ्यात आरती सुरू झाली आणि मी नुसतं "विकू नकोस" म्हणालो. तुझं समाधान झालं नाही ते मला दिसलं. तुला वाटलं असेल, काकांना जुन्या गाडीचं खूळ पसंत नाही. तसं अजिबात नाही. जुनी घेच. पण तिच्यासाठी नवी विकू नकोस, कारण जुनी टिकवणार आहे ती नवीच.

मी इथे मिशिगनमध्ये अशा कितीतरी जुन्या गाड्या पाहिल्या, ज्या मालकाच्या प्रेमापायीच संपल्या. एकच गाडी, ती साठ वर्षांची, आणि तिच्यावरच रोजची नोकरी. पहिल्या उन्हाळ्यात मजा येते. मग गरम होते म्हणून एसी बसतो, सकाळी सुरू व्हायला वेळ घेते म्हणून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन येतं, पाठ दुखते म्हणून सीट बदलतात. नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडतं आणि तरीही ऑफिसला जायचंच असतं. दोन-तीन हिवाळ्यांत ते मीठ फ्रेमच्या पोटात शिरतं. शेवटी उरतं ते ना जुनं ना नवं. तुझ्या दारात २०१८ ची मस्टँग उभी आहे म्हणून जुनीला पावसात, बर्फात, मीठात उतरावं लागणार नाही. तिला फक्त ती जशी आहे तशी राहायचं आहे.

आणि ती कशी आहे हे नीट समजून घे. १९६४ च्या गाड्यांसाठी पाँटियाकच्या (ही जनरल मोटर्सचीच एक शाखा) जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या इंजिनिअरांनी जे केलं ते सांगायला सोपं होतं. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. त्यांनी मोठ्या पाँटियाकचं ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-आठ इंजिन टेम्पेस्ट ल मान्स या मध्यम गाडीत बसवलं आणि ते नवं मॉडेल म्हणून न आणता ऑप्शन म्हणून, म्हणजे जास्तीचे पैसे देऊन घ्यायची सोय म्हणून विकलं. तीच जीटीओ. नियम मॉडेलसाठी होता, ऑप्शनकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिथून मसल कारचं, म्हणजे साध्या गाडीत मोठं इंजिन घातलेल्या गाड्यांचं, युग खऱ्या अर्थाने सुरू झालं. १९७० पर्यंत शेव्हरोलेच्या शेव्हेल एसएसमध्ये ४५४ क्युबिक इंचांचं इंजिन आलं. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, शिशाविना पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवावं लागलं आणि १९७३ च्या तेलबंदीने उरलंसुरलं आटोपलं. अवघी आठ-नऊ वर्षं.

तुझ्या कामाचं त्यातलं एवढंच, की इंजिन मोठ्या गाडीचं होतं आणि बाकीचं बरंचसं मुलांना शाळेत सोडणाऱ्या साध्या गाडीचं. सहासष्टच्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढच्या डिस्क ब्रेकचा ऑप्शन १९६७ ला आला. तिचं सगळं सुख या विजोड संसारात आहे, आणि सगळा धोकाही त्यातच.

आकड्यांनी फसू नकोस. सहासष्टची साधी जीटीओ ३३५ हॉर्सपॉवरची, तीन कार्ब्युरेटरवाली ३६० ची. तुझी मस्टँग ४६०. हे एका तराजूतले आकडे नाहीत. १९७२ च्या आधी अमेरिकेत ताकद 'ग्रॉस' मोजायचे: इंजिन एकटं स्टँडवर, गाडीतला एअर फिल्टर नाही, मागचा पूर्ण एक्झॉस्ट नाही. आता मोजतात ते सगळं अंगावर चढवून. म्हणजे कागदावर दिसतो त्याहून खरा फरक मोठा आहे. सिग्नलवरून निघताना तुझी रोजची गाडी या दंतकथेला सहज मागे टाकेल. हे मी आधीच सांगतो, कारण वेगाच्या आशेने जुनी घेणारे वर्षभरात ती विकायला काढतात.

मग घ्यायची कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर मला बॉनेटखाली मिळालं. तू दिवसभर ऑफिसात संगणकासमोर बसून इग्निशन टायमिंगची टेबलं भरतेस. किती आरपीएम, किती लोड, मग ठिणगी किती अंश आधी. जुन्या गाडीत तेच काम डिस्ट्रिब्युटरमधली (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यातली) दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. आरपीएम वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. लोडचा हिशोब बाजूला लावलेला व्हॅक्युमचा छोटा डबा ठेवतो. स्प्रिंग बदललीस की तुझ्या टेबलमधली अख्खी ओळ बदलली. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या व्ही-आठच्या डिस्ट्रिब्युटर कॅपला एक छोटीशी खिडकी असते. इंजिन चालू ठेवून त्या खिडकीतून ॲलन की घालायची आणि ड्वेल, म्हणजे ठिणगीचे पॉइंट जितका वेळ मिटलेले राहतात तो कोन, ३० अंशांवर आणायचा. आवाज बदलतो, आयडलिंग स्थिर होतं, हातातल्या चावीला ते कळतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला आमच्या पुण्यातल्या फियाटची आठवण झाली. रविवारी सकाळी बाबा पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे आणि मी टॉर्च धरून उभा असायचो. त्या वेळी कंटाळा यायचा. आज त्या रविवारांवरच माझं हे सगळं उभं आहे.

(जाता जाता एक सांगतो, तुला आवडेल. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियरने फियाटच्या आधी क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या होत्या. आणि जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, १९२८ पासून. डेट्रॉइटशी आपलं नातं एच-१बी व्हिसाने सुरू झालेलं नाही.)

दोन्ही गाड्या असणाऱ्याला एक धोका असतो. त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून लिहितो. पाय एका गाडीची सवय दुसरीत घेऊन जातात. मस्टँगमध्ये तू उशिरा ब्रेक दाबतेस, कारण तिथे दाबलेलं चालतं. एबीएस आहे, मोठ्या डिस्क आहेत, मागची चाकं २०१५ पासून स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, ट्रॅक्शन कंट्रोल तुझ्या चुका तुला कळायच्या आत निस्तरतो. आठवडाभर तशी चालवून रविवारी जीटीओत बसशील आणि पुढचा ट्रक थांबेल तेव्हा तुझा पाय मस्टँगच्याच अंतरावर ब्रेकला जाईल. पहिल्यांदा निभावेल. ड्रम एकदा तापला की दुसऱ्या जोरकस ब्रेकला तेवढाच पाय दाबूनही गाडी थांबायला राजी नसते. म्हणून माझा नेम असा: जुनी काढली की पहिली दहा मिनिटं हायवे नाही. वस्तीतल्या रस्त्यांवर हळू फिरायचं, चार-सहा वेळा ब्रेक लावून पाहायचे, स्टिअरिंग किती फिरवावं लागतं हे हातांना पुन्हा सांगायचं, आणि मग पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. हे मी इतकी वर्षं झाल्यावरही करतो. तूही करायचंस, आणि कुणी शेजारी बसून घाई करत असेल तर त्याला उतरवायचंस.

ब्रेकबद्दल एवढं बोलतो त्याला कारण आहे. माझी पहिली जुनी गाडी (तिचं नाव नको) १९६७ च्या आधीची होती. त्या काळात बहुतेक गाड्यांना ब्रेकचं सर्किट एकच असायचं. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जायचे. दोन सर्किटं १९६७ पासून सर्रास आली. रबरी होज बाहेरून छान दिसत होता म्हणून मी तो बदलला नाही. घराजवळच्या उतारावर पेडल थेट जमिनीला टेकलं. हँडब्रेक ओढला, गाडी एका शेजाऱ्याच्या हिरवळीवर चढवली आणि ती थांबली. मागच्या सीटवर माझा मुलगा होता. त्याला काही झालं नाही. पण मी त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये बराच वेळ नुसता बसून होतो. चूक माझी होती, रबराचं वय मला माहीत होतं.

तेव्हा सहासष्टची घेतलीस तर पहिल्याच आठवड्यात ब्रेकचे सगळे होज, लाइन आणि व्हील सिलिंडर नवे. मास्टर सिलिंडर दोन सर्किटांचा. पुढच्या सीटना खांद्यावरून येणारे पट्टे. जुन्या गाडीत बदल करू नयेत असं मानणारा मी माणूस आहे, पण या बाबतीत माझं ऐक. काढलेले भाग चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेव. पुढच्या मालकाला ते लागतील.

आता खरेदी. इंजिन शेवटी बघायचं. इंजिनाचे भाग मिळतात आणि काम येणारी माणसं अजून आहेत, पण गंजलेली बॉडी पैसा आणि वर्षं दोन्ही खाते. माझ्या त्याच पहिल्या गाडीचा लाल रंग आरशासारखा होता. तो उतरवला तेव्हा मागच्या चाकांभोवती बोटभर जाडीची पुट्टी निघाली, पत्रा नव्हताच. त्यामुळे मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक घेऊन जा आणि मागच्या फेंडरचा खालचा भाग, मागच्या काचेखालची पट्टी, डिकीची जमीन, सगळीकडे फिरव. कार्पेट उचलून बघ. फ्रेमला, विशेषतः मागच्या चाकांच्या वर आणि मागे, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ. विकणारा टोचू देत नसेल तर तिथून निघायचं.

कागद. १९६४ आणि ६५ ची जीटीओ ऑप्शन होती, त्यामुळे नुसत्या व्हीआयएन नंबरवरून (गाडीचा ओळख क्रमांक) ती खरी जीटीओ की साधी ल मान्स हे कळत नाही. १९६६ पासून तिला स्वतःची सीरिज मिळाली आणि नंबर २४२ ने सुरू होऊ लागला. हे तुझ्या फायद्याचं आहे. तरीही जुन्या पाँटियाकच्या नोंदी ठेवणाऱ्या पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्या गाडीच्या मूळ बिलाची प्रत मागवल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. रंग, गिअरबॉक्स, ॲक्सल, सगळं त्यात असतं. १९६९ पासूनच्या शेव्हेल एसएसच्या बाबतीतही नंबर गप्प बसतो, हे लक्षात असू दे, कारण तू उद्या त्याही बघायला जाशील.

'मॅचिंग नंबर्स', म्हणजे त्याच गाडीचं मूळ इंजिन अजून त्याच गाडीत, यासाठी लोक फार मोठी रक्कम मोजतात. माझं मत विचारशील तर तू मोजू नकोस. तशी गाडी माणूस चालवायला घाबरतो. ल मान्सला जीटीओचं इंजिन बसवलेलं असेल, विकणारा ते सरळ सांगत असेल आणि भाव ल मान्सचा असेल, तर ती गाडी घेण्यात कमीपणा नाही. फसवणूक बिल्ल्यात नसते, भावात असते.

सांभाळ करायच्या बारीकसारीक गोष्टी भेटीत सांगेन. दोन मात्र आत्ताच. तेल घेताना झिंक जास्त असलेलं घे, कारण जुन्या कॅमशाफ्टला त्याचा आधार लागतो आणि आजच्या साध्या तेलात ते कमी असतं. आणि हिवाळ्यात गाडी ठेवताना टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने भरून त्यात स्टॅबिलायझर घाल, बॅटरीला मंद चार्जर लाव आणि एप्रिलपर्यंत तिला हात लावू नकोस. दर रविवारी दहा मिनिटं सुरू करून ठेवणारे असतात. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, आणि आत धरलेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहून जातं.

विमा 'ॲग्रीड व्हॅल्यू'चा घे. म्हणजे काही झालं तर किती मिळणार हे आधीच लिहिलेलं असतं. मिशिगनची हिस्टॉरिक प्लेट घेतलीस तर गाडी मेळावे, परेड असल्या कारणांसाठीच बाहेर काढता येते, पण ऑगस्ट महिना त्यातून मोकळा ठेवला आहे. त्यामागे वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची फेरी आहे हे तुला वेगळं सांगायला नको. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटियाक गावापर्यंत रस्ता भरून जातो. पुढच्या वर्षी फूटपाथवर खुर्ची टाकून बघू नकोस. त्या रांगेत तू असावंस असं मला मनापासून वाटतं. तिथे जुन्या जीटीओच्या मागे अलीकडची डॉजची हेलकॅट चॅलेंजर लागलेली असते आणि दोघांचे मालक सिग्नलवर काच खाली करून एकमेकांशी बोलत असतात. चॅलेंजर २०२३ च्या डिसेंबरात बंद झाली, शेव्हरोलेची कॅमारोही त्याच सुमारास. तुझी मस्टँगही उद्या कुणाची तरी जुनी गाडी होणार आहे. तिची सर्व्हिसची बिलं फाइल करून ठेव. मूळ चाकं विकू नकोस.

तू पाठवलेले फोटो पाहिले. निळा रंग, चार गिअर, डिकीचे फोटो एकही नाहीत. शनिवारी आठ वाजता मी तुझ्याकडे येतो. चुंबक, टॉर्च आणि अंथरायला जुनी चादर मी आणतो, तू जुने कपडे घाल, कारण खाली तुलाच झोपायचं आहे. मस्टँगनेच जाऊ. मालकाला आजच फोन करून सांग, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, आम्हाला ते थंड असताना सुरू झालेलं ऐकायचं आहे.

तुझा,
काका