कूलंट सारखं कमी होतंय पण खाली एक थेंबही दिसत नाही, हेड गॅस्केटच गेलं असेल का?

तुम्ही लिहिलंय की दर तीन आठवड्यांनी अर्धा लिटर कूलंट घालावं लागतं, गाडीखाली डाग नाही, टेंपरेचरचा काटा मधेच असतो आणि मेकॅनिकने नुसतं बॉनेट उघडून बघितलं आणि हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय असं सांगितलं. कृपा करून एवढ्यावर इंजिन खोलू देऊ नका. आधी प्रेशर टेस्ट करायला लावा.

माझ्या गाडीत अगदी असंच झालं होतं. चार महिने मी नुसतं टॉप अप करत राहिलो, मलाही हेड गॅस्केटच सांगितलं होतं आणि मी तयारही झालो होतो, पण दुसऱ्या एका माणसाने आधी प्रेशर टेस्ट केली आणि निघालं काय तर थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा वॉल्व्ह) प्लास्टिक हाउसिंगला केसाएवढी चीर! इंजिन गरम होऊन प्रेशर वाढलं की तिथून कूलंट झिरपायचं, गरम ब्लॉकवर पडून तिथेच उडून जायचं आणि उरलंसुरलं इंजिनखालच्या प्लास्टिक कव्हरवर साठायचं, मग जमिनीवर दिसणार कुठून? हाउसिंग आणि सील बदललं, तेव्हापासून लेव्हल जागची हललेली नाही.

मुळात ही कूलिंग सिस्टिम हवाबंद असते. कूलंटच्या टाकीचं झाकण साधारण 1.1 ते 1.5 बार प्रेशर धरून ठेवतं (आकडा बहुतेक झाकणावरच असतो). पाणी आणि कूलंट अर्धं अर्धं असेल तर ते उघड्यावर 107-108 डिग्रीला उकळतं, एक बार प्रेशर मिळालं की 130 च्या आसपास. म्हणजे झाकणाचा वॉल्व्ह किंवा रबर गेलं असेल तरी कूलंट बाहेर टाकलं जातं. म्हणून झाकणही टेस्टरवर लावून बघायचं, ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं कारण आहे.

टेस्ट सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना झाकणाच्या जागी प्रेशरचा काटा असलेला हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलंय तेवढंच प्रेशर भरायचं, जास्त नाही, आणि 15-20 मिनिटं थांबायचं. पंपाचा काटा खाली आला तर लीक आहे. थंड इंजिनावर गळलेलं उडून जात नाही, म्हणूनच ते सापडतं. मग टॉर्च घेऊन, खालचं कव्हर काढून, रेडिएटरची प्लास्टिकची बाजू जिथे अ‍ॅल्युमिनियमला दाबून बसवलेली असते तो जोड बघा, होजचे क्लॅम्प बघा, टर्बो असेल तर त्याच्या कूलंटच्या बारीक नळ्या बघा, आणि वॉटर पंपाला एक छोटं भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. वाळलेलं कूलंट पांढरी किंवा रंगीत खपली सोडतं, ती शोधायची. गाडीत गोडसर वास येत असेल, पुढच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, पायाखालचं कार्पेट ओलं लागत असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय. एवढं करूनही सापडलं नाही तर कूलंटमध्ये यूव्ही डाय (यूव्ही टॉर्चखाली चमकणारा रंग) टाकून गाडी थोडे दिवस चालवायची.

बाहेर काहीच नाही आणि तरी प्रेशर उतरतंय, तेव्हा कुठे आतला विचार करायचा. हेड गॅस्केट जात असेल तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करायच्या आधीच रेडिएटरचा वरचा होज कडक लागू शकतो, इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. ब्लॉक टेस्ट नावाची एक निळ्या द्रवाची चाचणी असते, टाकीतली हवा त्यातून ओढतात, जळालेला गॅस असेल तर पेट्रोल गाडीत रंग पिवळा होतो. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका, छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे नुसतं पाणी साठूनही ती धरते, ऑइलच्या डिपस्टिकवरही साय आहे का ते बघा. आणि डिझेल असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) आधी तपासाच! तो आतून फुटला की कूलंट थेट इंजिनात किंवा सायलेन्सरवाटे जातं आणि लक्षणं हेड गॅस्केटसारखीच दिसतात.

टेंपरेचरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मधे धरून ठेवलेला असतो, बरंच तापल्याशिवाय हलत नाही, आणि लेव्हल फार उतरून सेन्सर हवेत राहिला तर तो चुकीचंच सांगतो. हीटर अचानक थंड हवा फेकायला लागला तर गाडी लगेच बाजूला घ्या. गरम असताना झाकण मात्र उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

लीक बंद करणारं ते लिक्विड टाकायचा मोह होईल, टाकू नका, हीटर कोअरच्या बारीक नळ्या त्यानेच तुंबतात. कूलंट रंग बघून घेऊ नका, रंगाला काही ठरलेला नियम नाही, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा, पाणी डिस्टिल्डच वापरा. सांडलेलं लगेच धुवा, चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरी चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.

काम झालं की सिस्टिममधली हवा नीट काढायला सांगा, टाकीवर पेनने खूण करा आणि आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनावर बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत अडकलेली हवा निघून लेव्हल किंचित उतरते, त्याने घाबरू नका. तुमची गाडी पेट्रोल की डिझेल आणि टेस्टमध्ये प्रेशर किती उतरलं ते खाली लिहा, मी बघतो.