बागेतला वाकलेला पत्रा

लंडनमध्ये जुनं घर घेतलंस, तर परसातली गंजकी शेड पाडायची घाई करू नकोस. आधी तिचं छप्पर बघ. जाड पन्हळी पत्रे वर कमानीसारखे वाकून माथ्यावर बोल्टनं जोडलेले असतील, तर ते बहुधा अँडरसन शेल्टरचे आहेत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यापासून वाचायला बागेत उभारलेल्या छोट्या आसऱ्याचे. फेब्रुवारी १९३९ पासून ही वाटली गेली. वर्षाला २५० पौंडांहून कमी मिळकत असलेल्यांना फुकट, इतरांना ७ पौंडांत. सुमारे चार फूट खड्ड्यात पत्रे उभे करायचे आणि वर किमान १५ इंच माती. त्या मातीत लोक भाज्याही लावत! युद्ध संपल्यावर बरेच पत्रे परत गेले, काहींच्या शेडी झाल्या.

पत्रे नसले तरी खूण उरते. हिरवळीत साधारण साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद खोलगट जागा दिसली, की थांब. खाली काँक्रीटची जमीनही सापडते, कारण आत पाणी फार साचायचं. मोजमाप घे, फोटो काढ, शेजारच्या वृद्धांना विचार. त्यांच्या आठवणी पत्र्याआधी संपतील. एकट्यानं खोल खणू नकोस, कडा ढासळतात. बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता लांब हो आणि ९९९ ला फोन कर.