समुद्राखालची कथलाची खाण

प्रश्न : इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, अगदी लाटांच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दोन पडक्या दगडी इमारतींचे छायाचित्र पाहण्यात आले. ती एक खाण होती म्हणतात. समुद्राला इतकी खेटून खाण कशासाठी काढली असेल? आज तेथे काय उरले आहे?

उत्तर : ही सेंट जस्टजवळची बोटॅलॅकची खाण. तेथील ग्रॅनाइटच्या आसपासच्या खडकांत कथील आणि तांब्याच्या शिरा आहेत आणि त्या किनाऱ्याशी न थांबता समुद्रतळाखाली पुढे जातात. त्यांचा माग काढत खाणही समुद्राखाली गेली. वादळी दिवसांत डोक्यावर समुद्रतळाचे धोंडे गडगडताना कामगारांना ऐकू येत असे. छायाचित्रातील खालचे इंजिनघर पाणी उपसण्यासाठी होते आणि वरचे, १८५८ मध्ये खोदायला घेतलेल्या तिरक्या कूपकातून, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या विहिरीसारख्या वाटेतून, माल ओढण्यासाठी. याच कूपकात १८६३ साली माणसे नेणाऱ्या गाड्याची साखळी तुटून आठ पुरुष आणि एक मुलगा असे नऊ जण दगावले. छायाचित्रे पाहताना हे लक्षात असावे, असे मला वाटते.

पुढे धातूंचे भाव कोसळले आणि १८९५ साली काम थांबले. विसाव्या शतकाच्या आरंभी खाण पुन्हा चालवून पाहिली, पण १९१४ मध्ये ती कायमची मिटली. समुद्राखालचे बोगदे आता पाण्याने भरलेले आहेत. कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हनचा खाणप्रदेश २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

बहुतेक लोक ती दोन इंजिनघरे पाहून परततात, परंतु कड्यावरचे सोमलाच्या (आर्सेनिकपासून बनणाऱ्या पांढऱ्या विषाच्या) भट्टीचे अवशेष माझ्या मते अधिक बोलके आहेत. कथलाच्या खनिजात आर्सेनिक मिसळलेले असते. ते भाजले की निघणारी वाफ नागमोडी जोडलेल्या दालनांतून फिरवली जाई आणि थंड होता होता भिंतींवर सोमलाचे पांढरे स्फटिक धरत. ते हातांनी खरवडून काढावे लागत. त्या काळी कॉर्नवॉलमध्ये हे काम करणारे लोक उघड्या त्वचेला माती फासत, नाकपुड्यांत कापसाचे बोळे घालत. संरक्षण म्हणून त्यांच्यापाशी एवढेच होते. कॉर्नवॉलचा हा सोमल काचकारखान्यांत जाई आणि पुढे अमेरिकेतील कपाशीवरच्या किडीसाठीही वापरला गेला.