इंदूरच्या आमच्या ग्रुपमध्ये सराफ्यातल्या गराडूची (तळलेल्या कंदाची) पैज लागली आहे: 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली 'भटकणारे सगळेच वाट चुकलेले नसतात' ही ओळ जादूगार गँडाल्फची की भटक्या अ‍ॅरागॉर्नची?

ओळ कथानायक फ्रोडोच्या वडीलधाऱ्या नातलगाची, बिल्बोची आहे, त्यामुळे पैज तशी दोघेही हरलात. घोळ होणारच, कारण कादंबरीच्या पहिल्या खंडात (१९५४) ती तीन ठिकाणी भेटते. ब्री गावच्या सराईत फ्रोडोला गँडाल्फचं जुनं पत्र मिळतं, त्यात ताज्या कलमासारखी खाली ही कविता जोडलेली असते. थोड्याच वेळात समोर बसलेला अ‍ॅरागॉर्न तीच ओळ बोलून जातो, तेही पत्र न वाचता! फ्रोडो चमकून विचारतो, तेव्हा तो सांगतो की त्या ओळी माझ्या नावाबरोबरच येतात. कर्ता कळतो तो पुढे, एलरॉन्डच्या सभेत. तिथे बिल्बो अख्खी कविता म्हणतो आणि मग फ्रोडोच्या कानाशी कुजबुजतो: मीच केली, अ‍ॅरागॉर्नसाठी, फार पूर्वी. बहुतेक जण हे कुजबुजणं वाचून विसरतात.

फक्त तुमचा प्रश्न 'कोणी रचली' असा नसून 'तोंडाने आधी कोण म्हणालं' असा असेल, तर अ‍ॅरागॉर्नवाल्यांना गराडू द्यावा लागेल. फ्रोडो ते पत्र मनातल्या मनातच वाचतो.