जुन्या मॉडेल ट्रामचा लेआउट (बोर्डावरची रुळांची मांडणी) घरात सापडलाय, प्रदर्शनात ठेवायचाय, सुरुवात रंगकामापासून करू का?

नका करू भाऊ. रंगाचा डबा बंद करा आणि ज्याने आणून दिला त्याला चहा पाजून घरी पाठवा. तुमचा प्रश्न वाचून माझा हात कपाळावर गेला, कारण आमच्या घरात हेच झालं आणि त्यावरून चुलत भावाशी माझं आजही धड बोलणं नाही.

आमचे मोठेबाबा मुंबईत ट्रामवर फिटर होते. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, त्यानंतर त्यांचं मन तिथं लागलंच नाही, आले दारव्ह्याकडे गावी परत. सोबत एक ट्रंक, त्यात चोरबाजारातून घेतलेले, दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असलेले रूळ आणि एक मोडकं खेळण्यातलं इंजिन. त्या इंजिनची मोटार काढून वर डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची डबल डेकर ट्राम बनवली, जिना सुद्धा वळवून सोल्डर मारलेला, आणि पाटीवर दाढीच्या ब्लेडने कापलेल्या स्टेन्सिलने ‘दादर’ लिहिलं. गावात तेव्हा लाईट नव्हती, मोटार १२ व्होल्टची, मग पाटलाच्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून आणायची आणि दिवाळीत अख्ख्या गावाचे पोट्टे ओसरीवर बसून ट्राम पाहायचे. यवतमाळ सुद्धा न पाहिलेली माणसं, पण बोरीबंदर ते दादर कसं जायचं ते पाठ.

मोठेबाबा गेले, लेआउट माडीवर गेला. माडीवर दरवर्षी कापूस भरायचो आम्ही. पुढे तालुक्याला एक प्रदर्शन होतं, दादा, म्हणजे तोच चुलत भाऊ, म्हणे आपण ठेवू, मी चार दिवस बाहेरगावी होतो, येऊन पाहतो तर ट्राम लालभडक ऑइलपेंटने माखलेली आणि बाजूला पांढऱ्या अक्षरात ‘शकुंतला’, म्हणजे आमच्याकडची यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी रेल्वे! म्हटलं दादा हे काय केलं? तर म्हणे, "काहून, लोकायले ट्राम काय समजते? शकुंतला म्हटली का गर्दी होते."

आता शकुंतला माझीही लाडकी आहे, मूर्तिजापूरची आत्या आम्ही त्याच गाडीनं गाठायचो, १९९४ मध्ये वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं तेव्हा वाईट वाटलं. पण ती अडीच फुटी गाडी, म्हणजे दोन रुळांत ७६२ मिलिमीटर. १:८७ च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान केली तर, तिला पावणेनऊ मिलिमीटरचा रूळ लागतो, आणि तुम्ही तिला १६.५ वर चढवता, वर दोन मजले! दोन मजल्याची शकुंतला कोणी पाहिली? प्रदर्शनात एका रिटायर्ड गार्डानं हेच विचारलं आणि दादा माझ्याकडे बोट दाखवून मोकळा. आणि त्या दिवशी ती चाललीही नाही, हे वेगळंच.

न चालायचं कारण काय होतं ते ऐका, तुमच्या कामाचं आहे. मोटार जळली नव्हती. एक्सलवर आणि गिअरमध्ये कापसाचे तंतू असे घट्ट गुंडाळले होते की वातच झाली होती. सुईने आणि चिमट्याने एकेक तंतू काढला, एक पूर्ण रात्र गेली. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं ते पुसून काढा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावर घेऊन लावा, एकच, कम्युटेटरवर (मोटारीत ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) तेल गेलं की संपलं. रुळाला पॉलिश पेपर लावू नका, ओरखड्यात घाण पुन्हा बसते, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी बनियन बस आहे, फारच काळं असेल तर खोडरबर. ट्राम अर्ध्यात थांबते तिथं रुळाचा सांधा मेलेला असतो, खालून वायर घेऊन दोन्ही तुकड्यांना सोल्डर मारा. वरच्या तारेतून करंट द्यायच्या भानगडीत पडू नका, आमची तार शोभेचीच होती, करंट रुळातूनच. सांधे अगदी चिकटवूही नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ३० डिग्रीचा फरक सहज पडतो, मीटरभर रूळ अर्धा मिलिमीटर वाढतो, प्लायवूड सुकून आकसतं ते वेगळं, मग रूळ उचलतो.

आधी चालवा. लोक चालणाऱ्या ट्रामपुढे उभे राहतात, चकचकीत ट्रामपुढे नाही. रंग उडालाय तिथं उडू द्या, तो जिना किती पोरांनी बोटानं चाचपला ते त्या उडालेल्या रंगावरूनच दिसतं. हां, पत्र्याला गंज धरला असेल तर तेवढ्या जागी काहीतरी लावावं लागेल, ते मी नाही म्हणत नाही. आणि तुमची बॉडी प्लास्टिकची असेल तर थिनर तर लांबच राहू द्या, अल्कोहोल सुद्धा आधी खालच्या बाजूला लावून पाहा.

आणखी एक, हे खरं म्हणजे वरच सांगायला पाहिजे होतं, बॅटरीवर चालवणार असाल तर वायर सरळ जोडू नका. ट्राम रुळावरून घसरून शॉर्ट झालं तर ट्रॅक्टरची बॅटरी वायर वितळवते. मध्ये सिरीजमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब टाका. शॉर्ट झालं तर बल्ब पेटतो, बाकी काही जळत नाही. मोठेबाबांचा बल्ब बोर्डाच्या खाली अजून आहे.

दादाचा ऑइलपेंट मी गेल्या पावसाळ्यात काढायला घेतला, कानकोरण्याला कापूस गुंडाळून, थोडं थोडं थिनर. खालचा मूळ रंगही जागोजागी निघाला, खोटं कशाला बोलू. पण पाटीवरचं ‘दा’ दिसायला लागलंय, ‘दर’ अजून शकुंतलेखाली आहे.