पोरगी हेगला जायचं म्हणते

शिरोळ तालुक्यातल्या एका ऊस उत्पादक पालकांचं पत्र आलंय. मुलगी कोल्हापुरात बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. ती दहावीत असताना, २०१९ साली, पाकिस्तानने हेर म्हणून पकडलेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला निकाल टीव्हीवर लागला आणि तेव्हापासून तिने आंतरराष्ट्रीय कायद्याचा ध्यास घेतला. आता एका एजंटने परदेशातल्या एलएलएमसाठी ४५ लाखांचा हिशोब हातात ठेवलाय. "हेगला खरंच नोकरी असते का? दोन एकर तारण ठेवायची तयारी आहे. गोड बोलू नका, काय ते रोखठोक सांगा," असं ते लिहितात.

सप्रेम नमस्कार.

रोखठोकच सांगतो. सातबाऱ्यावर बोजा चढवू नका, निदान आत्ता तरी नको.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश पंधरा. खटले फक्त देशादेशांतले. तुम्हा-आम्हाला तिथे दावा लावता येत नाही. त्यामुळे तिथे उभे राहणारे वकील जगभरातून मोजकेच, आणि तेही केस पांढरे झालेले. नुकत्या पास झालेल्या मुलांसाठी न्यायाधीशांच्या हाताखाली फेलोशिप असते, पण त्यासाठी विद्यापीठाने नाव सुचवावं लागतं, थेट अर्ज चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातली इंटर्नशिप बिनपगारी; न्यूयॉर्कचं घरभाडं आपल्याच खिशातून. हे एजंटने सांगितलं का? नसणारच.

म्हणून मुलीचं वेड खुळचट आहे असं मात्र समजू नका. जाधव खटल्यात टीव्हीवर दिसले ते हरीश साळवे, एक रुपया फी घेतलेले. पण त्यांच्यामागे परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी व करार विभागाची माणसं होती. सगळा वाद १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमावर फिरत होता: परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्क मिळायला हवा. सांगलीत जन्मलेल्या माणसासाठी ते कलम राबवणारी ही मंडळी सरकारी नोकरदारच. या विभागातल्या विधी अधिकाऱ्यांच्या जागा यूपीएससी अधूनमधून काढते. जागा थोड्या असतात आणि अनुभव मागतात, पण त्यासाठी जमीन गहाण टाकावी लागत नाही.

आता तुमच्या उसाबद्दल. एफआरपीवरून, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायच्या किमान दरावरून, आपल्याकडे दरवर्षी रस्ता अडतो, तीच एफआरपी जिनिव्हात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की भारत उसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो. मर्यादा उत्पादनाच्या मूल्याच्या दहा टक्के. डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलचा निकाल भारताच्या विरोधात गेला. भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं. पण २०१९ च्या डिसेंबरपासून अपील ऐकणाऱ्या मंडळात पुरेसे सदस्यच नाहीत, म्हणून प्रकरण लोंबकळत पडलं. अशा वादांत भारताच्या बाजूने अभ्यास करायला वाणिज्य मंत्रालयाने दिल्लीत व्यापार व गुंतवणूक कायद्याचं केंद्र काढलंय, आणि तिथे तरुण वकील घेतात. उसाचा काटा, तोड आणि बिल घरात पाहिलेली मुलगी तिथल्या मुलाखतीत इतरांपेक्षा वेगळं काही बोलू शकेल. तिला हे अजून कुणी सांगितलेलं नसावं.

चपलेचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावावर त्या भागाचा हक्क. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये तशाच चपला मिरवल्या तेव्हा इथे संताप झाला, पण आपलं मानांकन भारताच्या हद्दीत चालतं, इटलीत नाही. व्यापार संघटनेच्या करारात जादा संरक्षण आहे ते वाइन आणि मद्याला. चामड्याच्या पायताणाला नाही! सुभाष रोडवरच्या दुकानदाराला हे समजावून सांगणारा वकील कोल्हापुरात मला तरी अजून सापडलेला नाही.

आणि खरा पैसा कुठे आहे, तर लवादात, म्हणजे कोर्टाबाहेर पंचांपुढे चालणाऱ्या वादांत. गेल्या वर्षी शिरोली एमआयडीसीतला एक फाउंड्रीवाला माझ्याकडे मुलाच्या प्रवेशासाठी आला होता. बोलता बोलता त्याने जर्मन गिऱ्हाइकाची ऑर्डर दाखवली. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: वाद झाल्यास लवाद सिंगापूरला, कायदा इंग्लंडचा. सही करून आठ महिने झाले होते. "हे कुणी वाचतंय व्हय?" म्हणाला. वाचणारा माणूस त्याला हवाय, आणि पगार द्यायलाही तो तयार आहे. आपला १९९६ चा लवाद कायदा संयुक्त राष्ट्रांच्या नमुना कायद्यावरूनच बेतलेला आहे, म्हणजे हा विषय तिला अभ्यासक्रमातच भेटतो. तो पास होण्यापुरता वाचू नका म्हणावं.

अजून दीड वर्ष तिच्या हातात आहे. त्यात एक काम मी सगळ्यांत वर ठेवेन: जेसप मूट कोर्ट स्पर्धा, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांचा लुटुपुटीचा खटला. दोन काल्पनिक देशांचा वाद देतात आणि एकाच संघाला दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं तयार करावी लागतात. हरली तरी चालेल. ते लिहिताना इंग्रजीची जी घासाघीस होते, ती कुठल्याही क्लासमध्ये होत नाही. कॉलेजचा संघ नसेल तर तिनेच चार मुलं गोळा करून प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहावं. फ्रेंचही आत्ताच सुरू करावी, हेगच्या न्यायालयाच्या दोन अधिकृत भाषांपैकी ती एक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दृक्-श्राव्य ग्रंथालयात मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात.

सनद मिळाली की दोन वर्षं कोर्टात. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. मुंबईत खोली घ्यायची गरज नाही. तिथे आंतरराष्ट्रीय कायदा कुठला, असं ती म्हणेल. तिला १९९७ चा विशाखा निकाल काढायला सांगा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध आपल्याकडे कायदा नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचाच आधार घेतला होता.

ही दोन वर्षं वाया जात नाहीत. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतेच. प्रवर्ग तुम्ही कळवलेला नाही. अनुसूचित जातीचे असाल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर काही प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. समाजकल्याण कार्यालयात एक फेरी मारा. शिष्यवृत्ती मिळाली तर हॉलंडमधलं लायडन विद्यापीठ चांगलं, हेगपासून हाकेच्या अंतरावर.

तोवर एजंटला "घरात ठरायचंय" एवढंच सांगा. कशावर सही करू नका. केली असेल तर तो कागद आधी मुलीला वाचायला द्या. करार कायदा तिचा शिकून झालाय.